सिस्टरच्या राण्या

"राणीलेही झालं होतं, बाई. तू काहून लाजून राहिली?"

हे म्हणताना ती लोखंडी स्टूल पायानं पुढं ओढायची आणि समोरच्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसायची. पडदा आधीच सारलेला असायचा. पडदा कसला, दवाखान्याची जुनी हिरवी चादर. चादरीच्या अलीकडे माझी केसपेपरची खिडकी, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. ऐकू नये असं वाटायचं, पण कान काय घरी ठेवून येता येतात?

ती आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. नाव सांगत नाही, तिला आवडलं नसतं. मी तिथं अकरा वर्षं केसपेपर लिहिले. अशा रांगेत तुम्हीही कधी उभे राहिला असाल तर पाहिलं असेल. बाई खिडकीशी येते. "काय होते?" विचारलं की आधी मागं वळून बघते. मागं नवरा नाहीतर सासू. मग म्हणते, "पोट दुखते." बेंबीच्या खाली जे जे काही आहे, ते आमच्याकडे पोट. पांढरं जाणं म्हणजे पोट, अंग बाहेर येणं म्हणजेही पोट. मी वैतागून 'पोटदुखी' लिहायची आणि पुढची बाई बोलवायची. खरं काय ते सिस्टर काढायची, आणि त्यासाठी तिच्याजवळ राण्या होत्या.

ती अमरावतीहून रोज अपडाऊन करायची. एसटीत वाचायला लायब्ररीतून इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणायची.

"लढाया मी वाचत नाही," ती सांगायची. "बायका कुठं हायत तेवढं पायते. शंभर पानं नुसते घोडे दौडतात, मंग एक ओळ येते, राणीसाहेबांची प्रकृती बिघडली. अरे, काय बिघडली? ताप होता, का अंगावरून जाऊन राहिलं होतं? लिहिणाऱ्यानं इचारलंच नाही. वैद्य पडद्याआडून नाडी पाहून गेला, झालं!"

हे ती अशा रागानं बोलायची, की ती राणी कालच आमच्या ओपीडीतून औषध न घेता परत गेली असावी.

भाजी विकणारी एक बाई यायची. तीनदा दिवस राहून पोट पडलेलं. घरचे बोलून बोलून जीव नकोसा करायचे. तिला सिस्टरनं विलायतेची राणी सांगितली. सतरा वेळा दिवस गेले, पण तिच्या मागं एक लेकरू उरलं नाही. बाईनं पदरानं नाक पुसलं.

"मंग तिनं काय केलं?"

"राज्य केलं. पाय सुजायचे, तं खुर्चीत बसवून न्यायचे लोक."

"तिले कोनी बोलत नव्हतं का वं सिस्टर?"

"बोलत असतीन की! राणी झाली म्हणून लोकाइच्या तोंडाले कुलूप लागते का?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती मेथीच्या दोन जुड्या घेऊन आली. एक सिस्टरची, एक त्या राणीची. राणीची जुडी सिस्टरनं माझ्या पिशवीत कोंबली.

फजितीही व्हायची. बऱ्हाणपूर आम्हाला काही फार लांब नाही. तिथं एका बादशहाची बेगम चौदाव्या बाळंतपणात गेली. तिसऱ्यांदा दिवस गेलेल्या एका पांढऱ्याफटक पोरीला सिस्टर ते सांगू लागली. 'चौदा' म्हणते न म्हणते तोच चादरीबाहेरून सासू कडाडली, "आयकलं का वं? राणी असून चवदा केले तिनं! तू तिसऱ्यालेच लोळून राहिली!"

मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. सिस्टर मात्र हसली नाही. चादर सरकवून बाहेर आली. "आजी, पुढचं आयका. मेली ती. नवरा बादशहा होता, तरी काई करू शकला नाही. आता हिचं रक्त तपासू द्या, तुमी तिकडे बसा."

त्या दिवसापासून बेगमेची गोष्ट ती मरणापासूनच सुरू करायची.

मला मात्र तिनं कधी राणी सांगितली नाही. एका दुपारी ओपीडी आटोपली, तशी तिनं माझी खिडकी आतून लावून घेतली आणि म्हणाली, "उठ."

"काहून?"

"खुर्चीवरून उठ म्हणते नं."

मी खुर्चीवर घडी करून ठेवलेला टॉवेल तिनं उचलून पाहिला. चार महिने मी काळ्या साड्या नेसत होते आणि माझ्या मते कोणाला पत्ता नव्हता. मी रडायला लागले. ती रागावली नाही, समजावत बसली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः रजा टाकून मला अमरावतीला सोनोग्राफीला घेऊन गेली. गर्भपिशवीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, वाचले. शुद्धीवर आल्यावर मी चेष्टेनं विचारलं, "माह्या वेळी राणी कुठं गेली, सिस्टर?"

"तुले राणी कायले पायजे? तुले तं मी ओळखते."

नंतर नंतर ती संध्याकाळी भिंतीला टेकून चपला घालायची. चहाबरोबर एक गोळी घ्यायची. डबा अर्धा परत न्यायची. "थकल्या तुमी," आम्ही सगळे म्हणायचो. "एवढ्या राण्या घेऊन रोज अपडाऊन करते, थकीनच नं," ती म्हणायची. मग आम्ही हसायचो आणि आपापल्या घरी जायचो. थकलेले तर सगळेच होतो.

एका दिवाळीनंतर ती रजेवर गेली, ती परत आलीच नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, पार पसरलेला. ती वारली त्याच्या दहा दिवस आधी मी अकोल्याला तिच्या भाचीकडे जाऊन तिला भेटले. व्हरांड्यात भाचीनं सांगितलं, की दोन वर्षांपासून रक्त जात होतं. माझं डोकंच फिरलं. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं, तरी मी आत जाऊन ओरडले.

"साऱ्या तालुक्याच्या बायकाइले बोलतं केलं तुमी! मले सांगितलं काहून नाही? मी तं तिथंच बसून राहत होती!"

तिचे डोळे मिटलेलेच होते. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तिथंच तं बसून राहत होती तू," ती म्हणाली. "वाटे, आज इचारशीन, उद्या इचारशीन."

तिनं पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं, अर्धं हनुवटीवर सांडलं, ते पदरानं टिपलं. मग स्टूल ओढून जवळ बसले.

"लय दुखते का, सिस्टर?"

"हो वं," ती म्हणाली. "लय दुखते."