साडूंचा ट्रॅक्टर, म्हणजे मूळचा माझा

माझे साडू कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी ते पुसून घेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं घर आमच्याच रस्त्याला, पुढच्या वळणावर. डाव्या खांद्यावर कायम एक फडकं. आधी सगळं पुसायचं, मग थोडं लांब उभं राहून बघायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा. त्यावरून लोक त्यांना चिंधीशेठ म्हणत. एकदा कुणीतरी त्यांना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, तर साडू वळून म्हणाले, "शेठ म्हणालास ना? मग चिंधी माफ."

मला आयुष्यात कुणी टोपणनाव दिलं नाही. खरं सांगायचं तर याचंही मला थोडं वाईट वाटत आलं आहे.

त्यांच्याविषयी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मला लिहिण्याचा सराव नाही. शिवाय मी त्यांच्याविषयी सरळ मनाने लिहीन, यावर माझ्या बायकोचाही विश्वास नाही. तरी लिहितो.

लहानपणी ते एका गॅरेजात कामाला होते. तिथला मिस्त्री त्यांच्या हातात पाना देत नसे. खोललेले पार्ट रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे आणि ओळीने मांडायचे, एवढंच काम. दुसरा कुणी कंटाळून पळाला असता. साडू म्हणत, "पुसताना पार्ट आपल्या बोटाला सांगतो, मी कुठे झिजलोय ते." पुढे त्यांनी शेतीच केली. लोकांची कामं घेतली नाहीत, पण स्वतःचं पंपापासून पेरणीयंत्रापर्यंत सगळं जुनंपानं घेऊन स्वतःच्या हाताने चालतं ठेवलं. घरामागे पत्र्याची शेड. भिंतीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला एक पाना आणि पान्याच्या मागे भिंतीवर पांढऱ्या रंगाने त्याचीच आकृती. एखादा पाना जागेवर नसला की भिंतीवर त्याचं भूत दिसायचं.

मीही माझी मशीनं स्वतःच दुरुस्त करत आलो आहे. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या घरात ते कुणी धरत नाही. माझे पाने एका गोणीत असतात. सतराचा पाना हवा असला की बाकी सगळे निघतात. "तुमच्या गोणीत हात घालायचा म्हणजे विंचवाच्या बिळात घालायचा," असं बायको म्हणते आणि त्यानंतर न चुकता म्हणते, "तिकडे जाऊन बघा जरा."

तिकडे म्हणजे बहिणीकडे. लग्नापासून मी तिकडेच बघतो आहे.

तर तो ट्रॅक्टर मूळचा माझा. मी घेतला तेव्हाच तो दोन मालक बघून आला होता. डिझेल गळलं तर मी साबण घासून चीर बुजवत नसे की जोड बदलत नसे, खाली डबा ठेवत असे. पाइप सुटला तर तार. पॅकिंग गेलं तर टायरच्या ट्यूबचा तुकडा. एका नळीत लाकडी खुंटीसुद्धा मारलेली होती. "चालतंय ना? मग झालं," हे माझं धोरण.

एकच काम मी त्यात मन लावून केलं होतं. डिझेलच्या फिल्टरपाशी एक जोड होता, तिथून तो हवा ओढायचा आणि बंद पडायचा. बाजारातली वॉशर तिथे टिकत नसे. मग मी बायकोच्या तांब्याच्या जुन्या पातेल्याच्या बुडातून एक चकती कापली, चुलीवर लाल होईपर्यंत तापवली, पाण्यात टाकून नरम केली आणि दगडावर घासून घासून आरशासारखी सपाट केली. ती बसली ती बसलीच.

काही दिवसांनी बायकोने विचारलं, "अहो, या पातेल्याला भोक कसं पडलं?"

"झिजलं असेल."

"गोल?"

मी गोणीत सतराचा पाना शोधायला लागलो.

पुढे गिअर सरकेनात. मी अंगणात ताडपत्री पसरून गिअरबॉक्स खोलला. खोलताना मी फार हुशार होतो. जोडताना कळलं की कुठलं चाक कुठून निघालं ते फक्त त्या चाकालाच माहीत होतं. ताडपत्री बरेच दिवस तशीच पडून राहिली. कोंबड्या त्यावर बसायला लागल्या. शेवटी एक दिवस साडू आले, एक चाक उचललं, खांद्यावरच्या फडक्याने पुसलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, द्यायचा विचार आहे का?"

मी होकाराची मान हलवली. ट्रॅक्टर ओढून गेला आणि त्याचं पोट तीन गोण्यांत भरून मागून गेलं. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

शेतात काम नव्हतं त्या दिवसांत साडूंच्या शेडमधून ठोकल्याचा आवाज यायचा. मला वाटे, ठोका, ठोका, माझी फजिती झाली तशी तुमचीही होईल. मग एका सकाळी मी दाढी करत होतो. एक गाल साबणात, एक मोकळा. आणि रस्त्यावरून तो आला. आवाज मी लगेच ओळखला, आणि ओळखला नाहीसुद्धा. माझ्याकडे तो खोकत चालायचा. आता सूर लावून आल्यासारखा येत होता. साडू वर बसलेले, खांद्यावर फडकं. त्यांनी हात केला. मीही वस्तरा हलवला. गालावर कापलं.

मुलगी सासरी सुखात दिसली की बापाला आनंद होतो म्हणतात. ट्रॅक्टरचं तसं नसतं. आपल्याकडे रडणारी वस्तू दुसऱ्याच्या दारात हसायला लागली की पोटात दुखतं. रोज सकाळी तो माझ्या दारावरून जायचा आणि रोज मी काहीतरी निमित्त काढून दारात असायचो. आवाजात जरा खरखर आहे का, धूर काळा आहे का, बघायचो. यातलं काही नसायचं. बायको आतून म्हणायची, "गेला का तुमचा बाब्या?"

एकदा तो त्यांच्या शेतात बंद पडला. मला बातमी कळली तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच ठेवून गेलो. मदतीला, असं मी बायकोला सांगितलं. वाटेने मला गाणं सुचत होतं. पोचल्या पोचल्या मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "डिझेलचा पंप गेला असणार. हा त्याचा जुना रोग. पंप उतरवावा लागेल."

साडूंनी आधी टाकी पुसली. लांब उभे राहिले. पुसलेल्या पत्र्यावर एका जागी हळूच ओलसर ठिपका उमटला. त्यांनी शेतमजुराकडून हात धुवायचा साबण मागून घेतला, त्या ठिपक्यावर घासला, टाकीत गळून गेलेलं तेवढं डिझेल ओतलं आणि ट्रॅक्टर चालू केला.

"पंप?" शेतमजूर मला म्हणाला.

मी घरी येऊन गार झालेलं जेवण जेवलो.

अशी वर्षं गेली. मग साडूंचे गुडघे गेले. क्लच दाबताना त्यांचा चेहरा वाकडा व्हायला लागला. मुलीने शहरात यायचा आग्रह धरला आणि मेहुणीने सामान बांधायला घेतलं. ट्रॅक्टर द्यायचा ठरला. गावातल्या दूधवाल्याने तो मागितला होता. इंजिन काढून चारा कापायच्या मशीनला जोडायचं आणि उरलेलं भंगारात घालायचं, असा त्याचा बेत.

हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ट्रॅक्टर साडूंकडे आहे हे मी कसंबसं सोसलं होतं. पण तो तुकडे होऊन जाणार हे सोसवेना.

"परत ती ब्याद दारात आणणार?" बायकोने विचारलं.

"ब्याद काय? चांगला चालतोय."

"त्यांच्याकडे चालतोय."

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "आणा मग. निदान माझं पातेलं तरी घरी येईल."

मी गेलो तर दूधवाला शेडमध्ये बादली पालथी घालून बसलेला. मेहुणी म्हणाली, "या भाऊजी, हे तुमचीच वाट बघत होते." साडू खुर्चीवर होते. मी काय मागायला आलोय ते त्यांना मी सांगण्याआधीच कळलं.

"साडूभाऊ, चालू करून दाखवा," ते म्हणाले. "झाला तर तुमचा. नाही झाला तर हे घेऊन जातील."

"वा! म्हणजे आजोबांची परीक्षा," दूधवाला खूश झाला.

मी वर चढलो. सीट माझ्या ओळखीची होती, पण कव्हर नवं होतं. माझ्या जुन्या पद्धतीने क्लच दाबला, रेसची दांडी अर्धी ओढली, स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा.

"आजोबा, थोडी बॅटरी माझ्यासाठी ठेवा," दूधवाला म्हणाला.

माझे कान तापले. साडू सकाळी नुसता हात लावत आणि हा गडी चालू व्हायचा. माझ्याखाली मात्र ढिम्म. असा राग आला मला, ट्रॅक्टरचा नव्हे, साडूंचा. मी खाली उतरलो, त्यांच्यापाशी गेलो आणि त्यांच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं. इतक्या वर्षांत ते कुणी केलं नव्हतं. मेहुणीने तोंडावर हात ठेवला.

मी पुसायला लागलो. टाकीपासून नळी, नळीपासून फिल्टर. मग साडूंसारखाच लांब उभा राहिलो. मला लांबून काही दिसेना, म्हणून पुन्हा जवळ गेलो. फिल्टरच्या जोडापाशी बारीक ओल आली होती, तिच्यात एक बुडबुडा.

"हवा ओढतोय," मी म्हणालो. "सतराचा पाना."

साडूंनी मागे न बघता हात वर केला, भिंतीवरून पाना काढला आणि दिला. नट अर्धा फेरा सैल होता. आवळताना त्याच्या खालून तांब्याची लाल कड दिसली. माझी चकती. मी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, तिथलाच छोटा हातपंप दाबून नळीतली सगळी हवा काढली, स्क्रू आवळला, वर चढलो. दोनदा नुसता फिरला. तिसऱ्यांदा लागला.

दूधवाल्याने बादली सरळ केली आणि निघाला. "चालू द्या तुमचं," जाता जाता म्हणाला. "मला काय, इंजिन दुसरं मिळेल."

साडूंच्या हाताखालचा नट कधी सैल राहत नाही. तो त्यांनीच सैल केला असणार. मला नापास करायला की पास करायला, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग त्यांनी शेडच्या फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढायला सांगितला. आत माझी तार होती. ट्यूबचे तुकडे होते. लाकडी खुंटी होती. सगळं धुतलेलं, पुसलेलं.

"हे तुमचं," साडू म्हणाले. "कुठलाही बोल्ट खोलला की आत तुम्ही. एक काढावं तर पुढे दुसरं. इतकी वर्षं मी तुम्हाला बाहेर काढतोय, साडूभाऊ. लोक म्हणायचे चिंधीशेठचा ट्रॅक्टर. मला मात्र आत उघडला की दिसायचं, कुणाचा आहे ते."

"चकती का नाही काढली?"

"काढली होती. नवी घातली, गळली. दुसरी घातली, गळली. शेवटी तुमचीच परत घातली." त्यांनी माझ्या हातातून फडकं परत घेतलं. "दोन दिवस मला जेवण गेलं नाही."

त्यांचा चेहरा हे म्हणताना असा झाला होता की मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. मी गिअर टाकला आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आलो.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. ट्रॅक्टर माझ्या अंगणात आला, साडू शहरात गेले आणि पेरणीच्या आधी मी एकेक झाकण उघडायला लागलो. आत साडू. प्रत्येक नटाला नेमकं ग्रीस. प्रत्येक पाइपला चपखल क्लिप, टोक आत वळवलेलं, हाताला लागू नये म्हणून. गिअरच्या दांडीला चामड्याची बारीक पट्टी, खडखड होऊ नये म्हणून. मी एखादी चूक शोधत दुपारभर खाली पडून राहिलो. बायको म्हणाली, "सापडलं का काही?" सापडलं नव्हतं. पाठ मात्र धरली.

दुसऱ्या दिवशी मी रेडिएटरच्या पाइपची त्यांची क्लिप काढली आणि तिथे माझी तार आवळली. क्लिप बिस्किटांच्या डब्यात टाकली.

रविवारी साडूंचा फोन येतो. आधी गुडघे, मग जावई, मग मुद्द्यावर येतात. या रविवारी म्हणाले, "डबा भरायला लागला का?"

"एकच क्लिप आहे अजून."

"रेडिएटरची?"

"हो."

"गळतंय?"

"छे," मी म्हणालो. "थेंबही नाही."

तेवढ्यात अंगणातून बायको ओरडली, "अहो, ट्रॅक्टरखालची बादली भरली! ओतू का?"