अडखळू नकोस

आमच्या गावच्या रेडिओचा कारभार माझ्याकडे. जुन्या वाचनालयाची एक खोली, एक माईक आणि ऐकायला सगळं खोरं. कानिशाय शाळेत माझ्या हाताखाली शिकली, म्हणून अजून मला ‘आगाय’ म्हणते. तिला राजधानीत, बिश्केकच्या मोठ्या रेडिओवर बातम्या द्यायच्या होत्या. त्यांना वर्षभराचा अनुभव लागतो, तो घ्यायला ती माझ्याकडे आली. मी तिच्याकडून दोनच गोष्टी घोकून घेतल्या: बातमी शिळी होऊ देऊ नकोस आणि वाचताना अडखळू नकोस. तिसरी राहिलीच. ती आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, हिला काय सांगायची, असं वाटलं.

वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते. दुपारच्या बातम्यांआधी गावच्या कचेरीतून फोन आला. गावातल्या झुउरा आपाचा मुलगा एर्मेक रशियात बांधकामावरून पडून वारला होता. आम्ही गाणी बंद ठेवावीत, एवढ्यासाठीच तो फोन. मी मागे शेगडी पेटवत होतो. कानिशायने सगळं कागदावर उतरवलं आणि थेट वाचलं. नाव, बापाचं नाव, वय. आवाज खणखणीत.

राहिलेली तिसरी गोष्ट हीच: मरणाची खबर आमच्याकडे घरी म्हातारी माणसं नेतात. चार जणांनी मिळून जायचं, बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग हात धरून सांगायचं. ती मंडळी तेव्हा झुउराच्या अंगणात नुकती पोचली होती. आत ती कणीक मळत होती आणि खिडकीत रेडिओ चालू होता.

“मला वाटलं, त्यांना कळवलं असेल,” कानिशाय रडत म्हणाली.

“वाटलं? विचारायला जीभ झडली होती?” मी ओरडलो. खरं तर माझा मलाच राग आला होता.

संध्याकाळी ती माफी मागायला गेली. दारातल्या बाईने अडवलं. “तुझं सांगून झालंय ना? मग आता कशाला आलीस?”

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर झुउरा आपा आपणहून रेडिओवर आली. कानिशायचा हात हातात घेऊन बसली. “तुझ्यावर राग नाही गं, पोरी. पण तुझं एक अक्षर अडलं नाही. माझ्या एर्मेकचं नाव घेताना जरा तरी अडखळायचं होतंस.”

पुढच्या आठवड्यात बिश्केकला परीक्षा होती. वाचायला दिलेल्या कागदात एका अपघाताची बातमी होती, त्यात गेलेल्यांची तीन नावं. पहिल्याच नावाला तिचा आवाज फुटेना. त्यांनी पाणी दिलं, पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा तेच.

परत आली ती तडक माझ्यासमोर. “आगाय, घाला शिव्या.”

मी चहा ओतला. “पुन्हा जायचंय का?”

“जायचंय. पण नावं कशी वाचायची ते शिकवा.”

तीस वर्षं मास्तरकी केली मी. हे कसं शिकवायचं, मला ठाऊक नाही.