दुसऱ्या भागात लिफ्ट नाही

त्याला सगळे वरखाली म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता सापडायचं नाही, पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला याहून फिट्ट बसणारं नाव आईबापांनाही सुचलं नसतं. जन्म गेला त्याचा इमारतींच्या पोटात उतरण्यात आणि डोक्यावर चढण्यात. खिशात ग्रीसने काळवंडलेलं फडकं, कानामागे टेस्टर, आणि पोटात अख्ख्या गावाच्या बातम्या.

बातम्यांचं असं, की लिफ्ट बंद असली की माणसं दारापाशी ताटकळतात, आणि ताटकळलेल्या माणसांना बोलल्याशिवाय राहवत नाही. लिफ्टचा तो उभा बोगदा दुसऱ्या मजल्यावरची कुजबूज सहाव्या मजल्यावर अशी आणून पोचवतो, की वाटावं कोणी कानालाच तोंड लावलंय. वरखाली लिफ्टच्या टपावर बसून नट आवळत सगळं ऐकायचा आणि कोणालाही सांगायचा नाही. फक्त बायकोला सांगायचा. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. तिथे लोक डोळे तपासायला यायचे आणि कान भरून घेऊन जायचे, तेव्हा पुढचं काही त्याच्या हातात नव्हतं.

एरवी माणूस कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा दात होता तो एकाच गोष्टीवर, सरकत्या जिन्यावर. त्याला तो यंत्र मानायलाच तयार नव्हता. लिफ्टमध्ये शिरलं की साहेब आणि शिपाई एका पातळीवर येतात, जिन्यावर मात्र एकाचं नाक दुसऱ्याच्या टाचेशी, असं त्याचं म्हणणं. शिवाय जिनेवाले म्हणजे खाली फतकल मारून काम करणारे लोक, त्यांना उंचीचं काय कळणार. हे भाषण घरात इतक्यांदा झालं होतं, की त्याने सुरुवात केली की बायको शेवट करून टाकायची आणि ताट उचलायची.

त्याची एकुलती एक मुलगी लहानपणी सतत काहीतरी ओढत घरभर फिरायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं, आणि मॉलमधल्या बुटांच्या दुकानात नोकरीला लागली तरी ते सुटलं नाही. बाप-लेकीचा एकमेकांवर जीव, पण बोलायचं म्हटलं की दोघांच्या तोंडात मूग. समोरासमोर बसले की परीक्षेचा हॉल. आई म्हणायची, माझ्या घरी दोन माणसं आणि एक भिंत राहते, आणि भिंत त्यातल्या त्यात बोलकी आहे.

या दोघांना बोलायला जागा सापडली ती एका व्हिडिओ गेममध्ये. मुंगी शाळेत असताना तिच्या मामाने तो आणून दिला होता. गेम अंतराळातला. आपण एका यानाचे कप्तान. ग्रहांवर फिरायचं, माणसं जोडायची, भांडणं मिटवायची, आणि नाहीच मिटली तर बंदूक आहेच. कंट्रोलर मुंगीच्या हातात, आणि कोणाला काय उत्तर द्यायचं हे ठरवणार बाबा. त्यात एक भलंमोठं अंतराळस्थानक होतं आणि स्थानकात एक लिफ्ट होती. लिफ्ट कसली, गोगलगायच ती. खालून वर जाईपर्यंत चहाचं आधण ठेवून यावं. तेवढ्या वेळात काही दाबता येत नाही, कोणी गोळी घालत नाही. कप्तान पाठमोरा उभा, मागे त्याचे दोन सोबती. एक पाठीवर कवच असलेला म्हातारा सैनिक, त्याला वरखाली फौजदार म्हणायचा. दुसरी सहा बोटांची डॉक्टरीणबाई. लिफ्ट हलली की ही दोघं एकमेकांची उणीदुणी काढायला लागायची. फौजदार म्हणायचा, मी ज्यांना आडवं करतो त्यांना तू उभं करतेस, मग मी कशाला आलोय? डॉक्टरीणबाई म्हणायची, तुझा नेम असा आहे की मला कोणाला उभं करायची वेळच येत नाही.

त्यावर हसून झालं की सोफ्यावर शांतता व्हायची. अशाच एका शांततेत मुंगी पडद्याकडे बघत म्हणाली, "बाबा, मी गणितात नापास झाले."

वरखालीही पडद्याकडेच बघत म्हणाला, "मी पण व्हायचो."

दार उघडलं. विषय संपला.

तिथून प्रथाच पडली. शेजाऱ्यांच्या गाडीचा आरसा कोणी फोडला हे त्याला लिफ्टमध्ये कळलं. पहिली नोकरी सोडल्याचं लिफ्टमध्ये कळलं. आणि एकदा त्यानेही सांगितलं, की एवढी वर्षं झाली पण टपावरून खाली नजर गेली की अजून त्याला डोळे मिटून दोर धरावा लागतो. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि का नव्हतं हे आपल्याला ठाऊकच आहे. खऱ्या लिफ्टमध्येही तेच असतं बघा. माणसं खांद्याला खांदा लावून उभी, सगळ्यांच्या नजरा आकड्यांवर. कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नसलं की अडलेलं बोलणं मोकळं होतं.

वर्षं गेली. त्या गेमचा दुसरा भाग येणार अशी बोंब उठली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात वरखाली एका जुन्या इमारतीत टपावर बसून ब्रेक तपासत होता. खाली कुठल्याशा मजल्यावर दोन बायका पिशव्या घेऊन खोळंबल्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून त्याला कळलं, की एका मुलीच्या बुटाची नाडी मॉलच्या सरकत्या जिन्यात अडकली, जिन्याच्या मेकॅनिकने जिना थांबवून ती सोडवली, आणि नाडी सुटली तरी मुलगी काही सुटली नाही. आता लग्नापर्यंत आलंय.

"मुलगी कोणाची माहितीये?" एकजण म्हणाली. "आपल्या वरखालीची. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही अजून."

वरखालीच्या हातातला पाना सुटला आणि ठणठणत तळाला गेला.

"चला," दुसरी म्हणाली, "दुरुस्ती सुरू झाली वाटतं."

घरी जाताना स्कूटरवर तो आधी जिन्यावर रागावला. मग मॉलवर, मग नाडीवर. पण घराचं वळण येईपर्यंत त्याच्या ध्यानात आलं, की काटा टोचतोय तो वेगळ्याच जागी. भाजीच्या पिशव्या धरलेल्या बायकांना जे माहीत, ते त्याला माहीत नाही. मुंगीने सांगितलं असतं तर तो भडकला असता, दोन दिवस फुगून बसला असता, आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाला असता. पण गाडी सुरू व्हायला तिने आधी सांगायला तर हवं. आपण होऊन विचारणं त्याला जमणारं नव्हतं. आत्तापर्यंत तिने प्रत्येक गोष्ट स्वतः येऊन सांगितली होती, आणि सगळ्यांत मोठी गोष्टच आपण उकरून काढायची हे त्याला पटेना. त्याने स्वतःला समजावलं, दुसरा भाग येतोय, लिफ्ट येईल, आणि ती सांगेल.

दुसरा भाग आला. दोघं सोफ्यावर बसले. मुंगीही अधूनमधून घसा साफ करत होती, म्हणजे तिचंही तेच ठरलं होतं. स्थानक आलं, लिफ्टचं दार आलं, कप्तान आत शिरला, आणि पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत सल्ला आला, शत्रूवर पाठीमागून हल्ला केल्यास जास्त परिणाम होतो. वाचून होतंय न होतंय तोच कप्तान वर पोचला होता.

"लिफ्ट कुठे गेली?" वरखालीने विचारलं.

"काढली बहुतेक," मुंगी म्हणाली. तिचा आवाज पडला होता.

पुढचे काही दिवस फार मजेचे गेले, म्हणजे बघणाऱ्याला. मुंगी धीर गोळा करून "बाबा," म्हणायची, तोवर समोरून गोळ्या सुरू. एकदा तर गाडी "बाबा, एक" इथपर्यंत आली. वरखालीने श्वास रोखून विचारलं, एक काय? मुंगी म्हणाली, एक गोळी उरलीये. पहिल्या भागात बंदूक तापली की निवेपर्यंत थांबावं लागायचं, तेवढी तरी उसंत होती. आता गोळ्या वेचत धावायचं. पूर्वी कप्तानाची थैली दोघं मिळून आवरायचे, हे ठेव, ते विक, यावरून वाद घालायचे. आता थैलीच नाही. आणि उत्तरांना रंग दिलेले, भलं उत्तर निळं, वाईट उत्तर लाल. वरखाली म्हणाला, मग मी इथे कशाला बसलोय? भलेपणाला पाटी लावून ठेवलीये यांनी.

त्याने बायकोला चाचपून पाहिलं. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, मी काही निरोप्या नाही, लिफ्टमन तर त्याहून नाही. आणि जाता जाता म्हणाली, "रविवारी घरी थांबा. दाढी करा. पाहुणे येतायत, आणि त्यांना कोणत्या मजल्यावर जायचंय असं विचारू नका."

शनिवारची संध्याकाळ आली तरी मुंगीच्या तोंडून शब्द नाही. एवढ्यात गेमच्या कंपनीचा निरोप पडद्यावर झळकला. पहिला भाग खेळलेल्या जुन्या खेळाडूंनी नवे बदल कसे वाटले ते कळवावं. मुंगी तो बंद करणार, तेवढ्यात वरखाली ताठ बसला आणि म्हणाला, "थांब. लिही. मी सांगतो."

मुंगीने लॅपटॉप मांडीवर घेतला. त्याने आधी थैलीबद्दल सांगितलं, मग बंदुकीबद्दल. फौजदाराचा नेम सुधारलाय, त्याबद्दल अभिनंदन, पण त्यामुळे डॉक्टरीणबाईकडे बोलायला विषय उरला नाही हेही लिहायला लावलं. रंगीत उत्तरांवर तो इतका बोलला की मुंगीने त्यातलं निम्मं गाळलं. मग लिफ्ट आली. खाली प्रश्न होता, हा बदल मागे घ्यावा असं तुम्हाला का वाटतं?

वरखाली पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर काहीच चाललेलं नव्हतं.

"लिही," तो म्हणाला. "माझ्या मुलीला मला एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या घरी अशा गोष्टी तुमच्या लिफ्टमध्ये सांगतात. तुम्ही लिफ्ट काढल्यामुळे तिचं लग्न अडलं आहे. मुलाकडची माणसं उद्या येत आहेत. कृपया लवकर काहीतरी करा."

टकटक थांबली. मुंगीही लॅपटॉपकडेच बघत होती.

"तुम्हाला कधीपासून माहितीये?"

"तुझी नाडी सुटल्यापासून म्हण."

"मग बोलला का नाहीत?"

"मी का बोलू? मजला तुझा. बटण तू दाबायचं."

मुंगीने बाहीने डोळे पुसले, आणि हसायला आलं म्हणून ती बाही तोंडावर धरली. मग बापाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मला लग्न करायचंय. तो सरकत्या जिन्याचं काम करतो. चालेल?"

"चालायचा कसा," वरखाली म्हणाला. "सरकेल."

मुंगी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत सुटली. हे पाठवू का, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, पाठव, त्यात खोटं काय आहे? दोन दिवस फुगून बसायचं राहूनच गेलं.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे आईवडील लिफ्टने आले, चेहरे प्रसन्न. आणि त्यांच्यामागून बऱ्याच वेळाने मुलगा आला तो घामाघूम, जिन्याने, चार मजले चढून. वरखाली स्वतः तेलपाणी करतो ती लिफ्ट खाली दार उघडून उभी असताना. वरखालीच्या मनात पाल चुकचुकली, की हा जिन्याचा माज दिसतो. पण दाढी केलेली होती, बिस्किटं मांडलेली होती, बायको चष्म्यावरून बघत होती. त्याने बिस्किटांची बशी पुढे केली. मुलगा साधा होता, बोटांच्या पेरांत तेच काळं ग्रीस होतं, आणि मुंगीकडे बघताना कप सरळ धरायचं त्याला भान नव्हतं. लग्न झालं. मुंगी दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली आणि संध्याकाळी सोफ्यावर पूर्वीसारखीच हजर राहायला लागली, फक्त आता तिघं.

कंपनीचं उत्तर यायला बरेच महिने गेले. आपली सूचना नोंदवली आहे, मुलीला शुभेच्छा, एवढंच. आणि त्याबरोबर एक नवा बदल. स्थानकात लिफ्ट परत आली होती, ज्यांना घाई असेल त्यांच्यासाठी कोपऱ्यात बटणही होतं, ते दाबलं की थेट वर. वरखालीने शेजाऱ्यांना दार उघडून ही बातमी सांगितली.

त्या संध्याकाळी कंट्रोलर मोठ्या मानाने जावयाच्या हाती दिला. कप्तान लिफ्टमध्ये शिरला. दार मिटलं. फौजदाराने खाकरून तोंड उघडलं, आणि जावयाने, आपण मदत करतोय अशा समजुतीने, चटकन ते बटण दाबलं.

मुंगीने कपाळाला हात लावला.

"जावईबापू," वरखाली अगदी गोड आवाजात म्हणाला, "खाली जा. परत वर या. आणि कशाला हात लावू नका."

जावई खाली गेला, परत लिफ्टमध्ये शिरला, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून हात बगलेत धरून बसला. लिफ्ट निघाली, गोगलगाईच्या चालीने. फौजदार बोलला, डॉक्टरीणबाईने त्याला जागच्या जागी उत्तर दिलं. हसून झालं. शांतता झाली. आणि कोणी शिकवलेलं नसताना जावई पडद्याकडे बघत हळूच म्हणाला, "बाबा, मला लिफ्टची भीती वाटते. दार मिटलं की गुदमरतं. त्या रविवारी म्हणून मी जिन्याने आलो."

मुंगीने बापाकडे बघायचं टाळलं. वरखालीची नजर पडद्यावरून ढळली नाही.

"मला उंचीची वाटते," तो म्हणाला.

दार उघडलं. विषय संपला. खरं तर ही गोष्ट त्या सोफ्याबाहेर जायचीच नाही. पण स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन चष्म्याच्या दुकानातली बाई उभी होती, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती.