मालतीबाई, कॉस्टिक आणि एक शब्द

कडोदऱ्याच्या आमच्या डाइंग मिलमध्ये मालतीबाईच्या बोटांचा शब्द शेवटचा. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. कॉस्टिकच्या, म्हणजे जहाल खाराच्या टाकीतून निघालेलं कापड बुळबुळीत लागायचं. मग त्यावर अ‍ॅसिड सोडायचं, बाईच्या भाषेत ‘आंबट’. बाई ओलं कापड चिमटीत चोळायची. बोट सटकलं की खानदेशी सुरात ओरडायची, “आजून जित्ता शे!” करकरलं की म्हणायची, “मेला!” खार मेला, आंबटही मेलं, उरलं नुसतं मिठाचं पाणी. “आंबट खाराले मारस,” हे तिचं बोलणं साऱ्या मिलला पाठ.

तेच बोलणं एका दुपारी तिच्या नवऱ्याच्या डोळ्यावर उठलं. दगाभाऊ टाकीत खार ओतत होते. डबा निसटला आणि शिंतोडा थेट डाव्या डोळ्यात. अगं बाई, काय ती किंकाळी! शेजारच्या टाकीवरचा चिंधा अ‍ॅसिडचा मग घेऊन धावला. “सरका! खाराले आंबट मारस!” शहाणा मोठा! पण त्याला काय बोलू, मलाही ते खरंच वाटलं होतं.

बाईने असा फटका मारला की त्याच्या हातातला मग लांब उडाला. “मुडदा बशिवला तुझा! आंबट ओतल्यावर टाकी कशी तापते, हात लावून बघितलं नाही कधी? डोळा शिजेल त्यांचा! पाणी आणा, नुसतं पाणी!”

मी नळी धरली. बाई एका हाताने पापणी उघडी धरायची, दुसऱ्याने गाल चोळायची. बोट सटकायचं. “जित्ता शे... टाक छाया, टाक.” तिच्या तोंडाने एकवीरा मातेचा धावा चालू होता. पाणी तिच्याही तोंडावर उडत होतं. आता बुबुळ पांढरं दिसणार, या भीतीने मी तिकडे बघतच नव्हते.

कितीतरी वेळाने बोट करकरलं. पण ‘मेला’ हा शब्द काही बाईच्या तोंडून निघेना. नवऱ्याच्या गालावर हात ठेवून तो शब्द कोण उच्चारील?

तिने त्यांचा चांगला डोळा तळहाताने झाकला. “काही दिसस का?”

दगाभाऊंनी डावा डोळा किलकिला करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुनं कुकू पुसाई गयं,” ते म्हणाले.

बाईने ओलं कपाळ चाचपलं आणि मटकन खाली बसून रडायलाच लागली. दवाखान्याच्या रिक्षात बसताना मी माझी टिकली काढली आणि तिच्या कपाळावर चिकटवली.