गुळगुळीत चूल

नव्वदीच्या दशकात पाथर्डीच्या स्टँडबाहेर एक बाई नुसत्या हातांनी मातीच्या चुली घडवायची. शेवटी ओलं फडकं फिरवून प्रत्येक चूल गुळगुळीत करायची. कायम बाजूला ठेवलेल्या एका चुलीवर मात्र बोटांचे ठसे तसेच असायचे.

एकदा ती पाणी आणायला गेली आणि बसची वाट बघता बघता मला परोपकाराची हुक्की आली. फडकं घेऊन मी तीही चूल चकचकीत केली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

"आवो भाऊ, लेकीची बोटं हुती ती!" बाई चुलीवर हात फिरवत राहिली. "ऊसतोडीला गेलीय. आता तिलाच यावं लागंल, पुन्यांदा उमटवाया."

त्यानंतर माझी बस लागलेली असली, तरी मी आधी ऊसतोडीहून परतणाऱ्या ट्रकमधले चेहरे बघायचो.