धड गयं की घड गया

केळीचा घड टांगलेला दिसला की ती केस मला अजून आठवते आणि मी एकटाच हसत सुटतो. बायको म्हणते, निवृत्तीनंतर माणसं देवदेव करतात, हा गाड्यावरच्या केळ्यांकडे बघून हसतो. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हसायची सोय नव्हती. एका पोरावर खुनाचा गुन्हा दाखल करायला मी बसलो होतो, आणि त्याची आई माझ्या केबिनच्या दाराबाहेर.

नावं कुणाचीच घेणार नाही. मी तेव्हा नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्यात माझी ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक, माझा चहा दोन बोटं साखरेचा. दुसरी, नकला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हेडसरांची नक्कल करून मार खाल्लेला माणूस मी. खात्यात आल्यावर मार बंद झाला, नकला वाढल्या. चौकशी संपली की मी चहा पितापिता आरोपीचं बोलणं त्याच्याच आवाजात, त्याच्याच चालीत स्टाफला करून दाखवायचो. पोरं हसायची. वरिष्ठ म्हणायचे, हा माणूस तमाशात जायचा तो चुकून पोलिसात आला.

तर झालं असं. सकाळी एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा केळी कटाईच्या टोळीचा मुकादम. व्यापारी बाग घेतो, आणि मुकादम आपली माणसं नेऊन घड उतरवतो, ट्रक भरून देतो, असं ते काम. हा गडी आदल्या दिवशी कामावर गेला तो घरी आलाच नाही. फोन बंद. मिसिंग नोंदवून घेतली. बाई बाकावर बसली ती उठेचना.

तेवढ्यात माझ्या खबऱ्याचा फोन. गावातला सलूनवाला. त्याच्या दुकानात गावाची सगळी गुपितं केसांसोबत खाली पडतात. मागे केस वाळवायचं मशीन घरघरत होतं.

"साहेब, तो कमांडो परवा मन्हा दुकानमां दाढी करी ऱ्हायंता. फोनवर कोनले तरी सांगे, मुकादमले दाखाडी देसू, एकच घावमां धड खाली पाडसू."

"काय पाडसू? धड?"

"हो साहेब, हो. आते मुकादम गायब शे म्हने?"

मी पेन खाली ठेवलं.

कमांडो म्हणजे कोण, ते सांगतो. केळी बागायतदाराचा एकुलता एक मुलगा, पंचविशीचा, चांगला शिकलेला. व्यसन एकच, चाकू. ऑनलाइन मागवायचा. लष्कराचा जवान जंगलात वापरतो म्हणून जाहिरातीत दाखवतात ना, ते. प्रत्यक्षात कुठल्याच जवानानं हातात धरले नसते असले. त्यांचे व्हिडिओ करून टाकायचा, तोंडाला काळा रुमाल बांधून, मागे कापसाचं शेत. म्हणून गावानं नाव ठेवलं कमांडो.

पंच घेऊन आम्ही त्याच्या खोलीत गेलो. भिंतीवर लाल मखमल, त्यावर चाकूच चाकू. एक वटवाघळाच्या पंखासारखा. एक असा रंगीत की पाण्यावर पेट्रोल सांडल्यासारखा. एकाला बोटं घालायच्या कड्या, एकाच्या मुठीवर कवटी. एकाच्या बुडाला होकायंत्र होतं, ते कसंही फिरवलं तरी हवालदाराच्या पोटाकडेच उत्तर दाखवायचं. पात्यांना एवढी भोकं आणि एवढे दाते की कांदा चिरायला घेतला तर कांदाच अडकावा. पण खरं सांगू? पंचनामा लिहिताना एकेक जण "साहेब, वजन बघू का" म्हणत हातात घेऊन बघत होता. एका पंचानं तर आरशासमोर उभं राहून एक बाजू वळवून पाहिली. मीही कवटीवाला हातात घेतला आणि जरा उशिरानं खाली ठेवला. असली वस्तू कामाची नाही हे कळत असतं, आणि तरी हात सोडवत नाही.

मात्र दोन गोष्टी वाईट निघाल्या. एक, मखमलीवर सगळ्यात मोठ्या चाकूची जागा रिकामी. आकार तेवढा उमटलेला. दुसरी, गादीखाली फडक्यात गुंडाळलेला एक चाकू, पातं वेगळं, मूठ वेगळी. पात्यावर तपकिरी-काळे डाग, फडक्यावरही तसेच.

हवालदार हळूच म्हणाला, "घाव इतका जोराचा की मूठ निखळली."

सगळं सीलबंद केलं, डाग तपासायला प्रयोगशाळेकडे पाठवायची तयारी केली आणि पोराला ठाण्यात आणलं. मागोमाग त्याची आई आली. बसायला जागा एकच, तो बाक. मुकादमाची बायको एका टोकाला, पोराची आई दुसऱ्या टोकाला, मध्ये पाण्याचा जार. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

वरिष्ठांचा फोन आला. "संशयित आहे, धमकी आहे, हत्यार आहे. संध्याकाळपर्यंत तीनशे दोन दाखल करा." आता कलमांचे आकडे बदलले, पण तेव्हा तीनशे दोन म्हटलं की माणसाचे पाय गार पडायचे.

चौकशी सुरू केली. पोरगा घामाघूम. हे मी नोकरीभर पाहिलं की गुन्हा केलेला माणूस पहिल्या तासात फार बोलतो, आणि लाज वाटलेला माणूस अजिबात बोलत नाही. हा बोलत नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण समोर डाग दिसत होते.

"मुकादमाशी भांडण झालं?"

"भांडन नही साहेब. बोलाचाली."

"कशावरून?"

"तो माले हसना."

"मग तू काय केलंस?"

गप्प.

"मोठा चाकू कुठंय?"

आणखी गप्प. मान खाली. मी खुर्ची पुढे ओढली आणि सरळच विचारलं, "धड कुठंय?"

त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावर भीती कमी, आश्चर्यच जास्त. "तो तं ट्रकमां गया, साहेब."

लिहून घेणाऱ्या पोलिसाचं पेन थांबलं.

"ट्रकमध्ये? कुठं?"

"दिल्लीकडे जास ना आपला माल."

"अख्खं?"

"अख्खा कसा जाई साहेब. फन्या करीसन. कापीसन, धुईसन, खोकामां भरीसन."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत असा थंड कबुलीजबाब मी ऐकला नव्हता. फण्या करून. हवालदार बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आला. मी पोराला बाजूच्या खोलीत बसवलं, आणि दिल्लीच्या रस्त्यावर ट्रक कसा अडवायचा, कुणाला कळवायचं, याचा विचार करत चहा मागवला. दारातून तो बाक दिसत होता. मुकादमाची बायको पदर तोंडाशी धरून बसलेली.

चहाबरोबर सवयीनं, हसायचं मन नसताना, मी हवालदाराला म्हणालो, "बघ कसा बोलला." आणि त्याच्याच आवाजात, मान तशीच वर करून म्हणालो, "तो तं ट्रकमां गया, साहेब."

आणि मीच थांबलो.

परत म्हणून बघितलं. "तो तं ट्रकमां गया." नक्कल करणाऱ्याला एक खोड असते. तो शब्द बदलू शकत नाही, जसा कानात शिरला तसाच बाहेर काढतो. पोरगा म्हणाला होता "तो गया". ते धड असतं तर अहिराणीत "ते गयं" म्हणाला असता. आपल्याकडचं शाळेत न गेलेलं पोरसुद्धा त्यात चुकत नाही. मग असा कोण, जो "तो" आहे, ट्रकमधून दिल्लीला जातो आणि ज्याच्या फण्या होतात?

"हवालदार," मी म्हणालो, "हा केळीचा घड सांगतोय."

हवालदारानं कप खाली ठेवला. "धड नही? घड?"

"घड."

सलूनवाल्याला फोन लावला. म्हटलं, आधी ते मशीन बंद कर. केलं. "परवा काय ऐकलंस ते परत सांग. धड का घड?"

"घडच तं सांगं मी साहेब. केळीना घड. तुम्हीच धड धड करी ऱ्हायंतात, मी हो हो म्हनत गऊ. साहेबले कोन चूक सांगी?"

मी पोराला परत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, "बाबा, तू चाकूची काळजी करतोयस. बाहेर त्या मुकादमाची बायको तुला खुनी समजून बसली आहे. तुझी आईसुद्धा तसंच समजायला लागेल आता. काय झालं ते सांग."

पोरगा पांढराफटक पडला. त्याला वाटत होतं पोलीस चाकू धरायला आलेत. खून हा शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकला. मग असा बोलायला लागला की लिहिणाऱ्याचं पेन मागे पडलं.

बागेत कटाई चालू असताना हा कमरेला चाकू लावून गेला. मुकादम टोळीसमोर हसला, "दादा, हाई खेयनं जत्रामां लिधं का?" यानं सांगितलं, जवानांचा चाकू आहे, एका घावात घड खाली पाडेल. मुकादम म्हणाला, पाड. पडला तर मी तुझं नाव घेऊन सलाम ठोकेन, नाही पडला तर तुझ्या भिंतीवरचा सगळ्यात मोठा माझा. दोन दिवस पोरानं आरशासमोर सराव केला. फोनवर मित्राला फुशारकी मारली ती सलूनमधली. आणि आदल्या दिवशी सगळ्या टोळीदेखत घडाच्या दांड्यावर घाव घातला, तर पातं दांड्यात अडकलं आणि हातात नुसती मूठ राहिली. आत पोकळ होती ती, काड्यापेटी ठेवायला. टोळीतल्या एका बाईनं विळ्यानं एका फटक्यात घड उतरवला आणि पातं काढून त्याच्या हातात दिलं.

"आणि डाग?"

"चीक साहेब. केळीना चीक. तो निघस का?"

केळीच्या चिकाचा डाग रक्तासारखाच पडतो, हे आमच्या बाजूला ज्याचे कपडे खराब झाले त्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण डोक्यात धड बसलं होतं ना.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू साहेब. आख्खी टोळी हसनी. परत ठान्यामां कोन हसाडी लेई सोताले?" मग आवाज खाली करून म्हणाला, "आनि तो मोठा चाकू कायद्यामां बसत नही ना."

म्हणजे मोठा चाकू मुकादमाकडे. आणि मुकादम कुठे? मी बाहेर येऊन त्याच्या बायकोला विचारलं, "ताई, तुमच्या मालकांना काही लपवायचं असलं तर ते कुठं जातात?"

ती क्षणभरही थांबली नाही. "नवापूरले. मन्ही बहीनकडे. तिन्हा मालकना कोंबड्यासना फार्म शे."

नवापूरच्या सहकाऱ्याला फोन केला. अर्ध्या तासात त्याचा उलटा फोन. आधी नुसता हसण्याचा आवाज, मग, "तुमचा मेलेला माणूस सापडला. शेडमध्ये कोंबड्यांसमोर चाकू फिरवत होता. आमची गाडी बघून खाद्याच्या पोत्यांमागे बसला."

आदल्या दिवशीच तो फोन बंद करून चाकूसकट साडूकडे गेला होता, आणि सकाळी साडूच्या फोनवर टोळीतल्या कुणी तरी कळवलं की पोलीस मुकादमाला शोधी ऱ्हायनात. तो समजला, चाकूसाठीच. म्हणून फोन बंदच ठेवला. आम्ही त्याला मेलेला म्हणून शोधत होतो आणि तो चाकू लपवायला पळत होता. म्हणजे ज्याला तो खेळणं म्हणून हसला, ते हातात आल्यावर घरी न्यायला बायकोची भीती, आणि टाकून द्यायला जीव होत नव्हता.

मी बाहेर येऊन दोघी बायांना एकदमच सांगितलं, "मुकादम जिवंत आहे. नवापूरला." मग पोराच्या आईनं पाण्याचा जार मधून उचलून खाली ठेवला आणि मुकादमाच्या बायकोजवळ सरकली. दोघी रडल्या. मी आत जाऊन वरिष्ठांना फोन लावला. "सर, तीनशे दोन होत नाही. मयत चाकूशी खेळत होता." पलीकडून विचारलं, "तुम्ही नक्कल तर करत नाही ना?"

ऊन उतरायच्या आत मुकादमाला आणलं. बायकोनं त्याला आधी नीट न्याहाळलं, सगळं जागेवर आहे ना बघितलं, आणि मग चप्पल काढली. ठाण्यातल्या सगळ्यांचं त्याच वेळी भिंतीवरच्या नकाशाकडे लक्ष गेलं.

मोठ्या चाकूची कायद्यानं जी कारवाई होती ती केली. निघताना मुकादम माझ्याजवळ आला, इकडेतिकडे बघून म्हणाला, "साहेब, सील कराना पहिले एकदाव हातमां लेऊ का?" मी नाही म्हटलं. पण त्याला काय वाटत होतं, ते मला कळत होतं. पोराची आई बाहेर मुलाला सांगत होती, "घर जाईसन ते सगळं तापीमां फेक." पोरगा म्हणाला, "आई, गंज लागी जाई." ज्या माणसाला दुपारी फाशीची भीती होती, त्याला संध्याकाळी गंजाची होती. इतकं हलकं मला नोकरीत फार कमी वेळा वाटलं.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच की गप्प बसलेला माणूस गुन्हाच लपवतो असं नाही, पुष्कळदा तो आपलं हसं लपवत असतो. आणि खबर घेताना आपल्याला जे ऐकायचं आहे ते खबऱ्याच्या तोंडात घालू नये. त्यानंतर ठाण्यात मी नियम केला. शंका आली की अक्षर पहिलीच्या पुस्तकासारखं विचारायचं. पोरं माझी नक्कल करायची त्यावरून.

दुसऱ्या दिवशी पोराची आई ठाण्यात आली, डोक्यावर भला मोठा घड, विळ्यानं कापलेला. ठाणे अंमलदारानं मला आत फोन लावला. "साहेब, घड आला आहे."

"कोणता?" मी विचारलं. "धनुष्याचा ध?"

"नाही साहेब. घराचा घ."