शिवेवरचा कोंबडा

आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. अकोल्याच्या शाळेतील गुरुजींच्या कृपेने चार बुके शिकलो आणि पलटणीत लागलो. तेव्हा अमेरिकेत लढाई सुरू होती आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावती-अकोला रस्त्यावर एका नाल्याकाठी कापसाच्या गठ्ठ्यांचे एक आवार होते. तिथे आमचा गार्ड: नाईक दादाराव, तीन शिपाई आणि मी.

गाड्या आत घ्यायच्या, विडी ओढणाऱ्याला हाकलायचे, एवढीच ड्युटी. गठ्ठ्यांच्या भिंतींत आवाज जिरत असे. शेजारच्याने मारलेली हाकही दुरून आल्यासारखी वाटे.

नाईकसाहेबांची पेन्शन जवळ आली होती. बायको वारलेली, मूल नाही. गावाहून आणलेल्या दोन कोंबड्या आणि एका कोंबड्यापासून त्यांनी आवारात खुराडे वाढवले होते. बाजारचा पक्षी घेत नसत. त्याच्यासोबत मानमोडीचा रोग येतो म्हणत. पण वीण त्याच रक्तात होत गेली. अंडी कुजू लागली. निघालेल्या पिल्लांचे पाय वाकडे.

“काय मास्तर, तुह्या बुकात याले काही औषध हाय का?”

“नाही, नाईकसाहेब.”

“मंग काय शिकला बाप्पा? घरातल्या घरात सोयरीक झाली, हे दुखणं हाय. बाहेरचा नर पायजे. नाही तं गावी रिकामं खुराडं घेऊन जाईन मी.”

एका दुपारी कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीतून एक काळा कोंबडा चालत आला. उंच, मानेवर निळी झाक. तो कोणाला बुजला नाही. डोक्याच्या पिसांना तांबडा रंग लावलेला होता. बाजारात विकणारे आपली पाखरे ओळखू यावीत म्हणून रंगाचे बोट लावतात. नाईकसाहेबांना तेच वाटले.

“गाडीतून पडला असंन,” ते म्हणाले. कोणी विचारायला आले नाही, तेव्हा रोगाची भीती बाजूला ठेवून त्यांनी त्याला कळपात सोडला.

तो कधी आरवला नाही. भर उन्हात गठ्ठ्यावर चढून नाल्याकडे पाहत उभा राही.

पुढे एक कोंबडी खुडूक बसली. नाईकसाहेबांनी दाराच्या फटीतल्या उन्हासमोर एकेक अंडे धरले. प्रत्येकात तांबड्या शिरांचे जाळे, म्हणजे जीव धरलेला. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

पिल्ले निघायला थोडे दिवस उरले असताना नाल्यापलीकडच्या गावची माणसे आली आणि दूरच थांबली.

“हॉल्ट! कोण?” मी ओरडलो.

एक म्हातारी बोलली, “तो मरीमायचा हाय. पटकी गावाबाहीर जावी म्हून शेंदूर लावून शिवेवर सोडला व्हता. तुमी कावून घरात घेतला? गावात पुन्हा माणसं मरून राह्यली.”

“मंग घेऊन जा, माय,” नाईकसाहेब म्हणाले.

“आमी हात लावू? सोडलेल्याले?”

माणसे मागे न पाहता गेली. शिपाई म्हणाले, अंडीही फेका.

“अंड्याइले कोणी हात लावाचा नाही. ऑर्डर हाय.”

कोंबडा काखेत घेऊन ते एकटेच नाल्यापलीकडे शिवेवर गेले. परत आल्यावर मला म्हणाले, “हातातून उतरला अन् आरवला, मास्तर. गावातून एकाही कोंबड्यानं जबाब देल्ला नाही.” तहान लागली म्हणून नाल्याचे पाणी प्याल्याचेही सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. आवाज बसला, डोळे आत गेले. दुपारी मला जवळ बोलावले.

“कोंबडीले अंड्याइवरून उठवू नको.”

“जी, नाईकसाहेब.”

दिवस मावळायच्या आत ते गेले. नाल्याच्या अलीकडे आम्ही त्यांना अग्नी दिला. शिपायांनी खुराडे जाळायला गवत आणले. मी बंदूक घेऊन दारात उभा राहिलो. त्यांनी गवत गाड्यांच्या बैलांना टाकले.

पिल्ले निघाली. सगळी काळी. कोंबडीखालून बाहेर येऊन ती नाल्याकडे तोंड करून उभी राहिली, आवाज न करता. शिपाई लांब सरकले. मी खाली बसून एकेकाचे पाय तपासले.

नाईक दादाराव लढाईत पडले नाहीत, म्हणून त्यांचे नाव कुठल्याही दगडावर नाही. त्या दुपारी मी त्यांच्या राखेसमोर अटेन्शनमध्ये उभा राहिलो, सलाम केला आणि रिपोर्ट दिला.

“सगळी निघाली, नाईकसाहेब. पाय सरळ हायेत.”